फँटसी चित्रकार आणि गेम डिझायनर, दोन्ही व्हायचं असेल तर क्रम कसा लावायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षं फँटसी चित्रं काढताय, डिजिटलवर हात बसलाय. जोडीला स्वतःचं एक जग आणि खेळाचे नियम लिहून तीनशे पानं झाली आहेत. आता प्रकाशकांकडे चित्रांची कामं मागावीत की स्वतःचा रोल-प्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायचा खेळ) काढावा, हे ठरत नाही. पोर्टफोलिओत काय ठेवावं, हेही विचारलंय. आणि एका प्रकाशकाकडून कराराचा मसुदा आलाय, त्यात 'सर्व हक्क' असे शब्द आहेत. सही करू का?

शेवटचं आधी सांगते. अजून सही करू नका. हक्कांबद्दल खाली लिहिलंय ते वाचा, प्रकाशकाला दोन प्रश्न विचारा, मग ठरवा.

आता मूळ पेच. चित्रांच्या कामाचे पैसे नगावर मिळतात आणि त्यातल्या त्यात लवकर मिळतात, पण काम संपलं की त्या चित्राशी तुमचा संबंध बहुधा संपतो. स्वतःच्या गेमचे पैसे उशिरा येतात, कधी कधी येतही नाहीत, पण तो तुमच्या मालकीचा राहतो आणि पुढची दहा वर्षं त्यावर भर घालता येते. त्यामुळे 'हे की ते' यापेक्षा आधी काय करायचं आणि कोणती चित्रं, कोणती पात्रं दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायची, हे ठरवायला हवं. बाकीचे निर्णय त्यावरून बरेचसे आपोआप लागतात.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. आठवड्याला किती तास खात्रीने मिळतात? चित्रांची मिळकत थांबली तर किती महिने निभावेल? आणि दुसऱ्याने लिहिलेल्या वर्णनावरून, न आवडणाऱ्या विषयावर, तारखेच्या आत चित्र देण्यात तुम्हाला समाधान मिळतं का? तिसरं बऱ्याच जणांना प्रामाणिकपणे तपासावंसं वाटत नाही. ज्यांना ते अजिबात रुचत नाही त्यांनी प्रकाशकांची कामं कमी धरावीत आणि पोटापाण्याची सोय दुसऱ्या कशाने तरी करावी. पुढचं सगळं मी आठवड्याला दहा तास स्वतःच्या गेमला मिळतात असं धरून लिहितेय.

दोन्ही कामं एका माणसाने करणं नवीन नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा रोल-प्लेइंग गेम १९७४ साली आला आणि त्या पहिल्या दशकातच अशी माणसं दिसतात. लिझ डॅनफोर्थ यांनी 'टनेल्स अँड ट्रोल्स'च्या १९७९ च्या पाचव्या आवृत्तीचं संपादन केलं आणि त्यात चित्रंही काढली. जेफ डी हे टीएसआर या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकासाठी चित्रं काढत होते, आणि १९७९ साली जॅक हर्मन यांच्याबरोबर त्यांनी 'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज' हा स्वतःचा सुपरहिरो गेमही काढला. डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 'प्लेअर्स हँडबुक'चं १९७८ चं मुखपृष्ठ केलं, ज्यात दोन चोर राक्षसी मूर्तीच्या डोळ्यातलं रत्न उपटताहेत. त्यांनीच जेसन मॅकॅलिस्टर यांच्या जोडीने 'टायटन' हा बोर्डगेम बनवला, तो १९८० साली आला.

तुम्हाला जास्त उपयोगी पडेल ते ब्रॉम या चित्रकाराचं काम. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं 'डार्क सन' हे १९९१ चं जग घडत असताना त्यांची चित्रं मजकुराच्या मागून येत नव्हती. ती आधी तयार होत होती आणि जगाचा पोत त्यांवरून ठरत होता. पुढे योहान नोर यांनी 'मर्क बोर्ग' या गेममध्ये चित्रं आणि पानाची मांडणी केली, नियम पेले निल्सन यांनी लिहिले. तिथे मांडणी हाच खेळाचा स्वभाव झाला. म्हणजे नियम तुम्हीच लिहिले पाहिजेत असं नाही. नियम लिहिणारा साथीदार मिळत असेल तर तोही पूर्ण प्रतिष्ठेचा रस्ता आहे, फक्त मालकी निम्मी-निम्मी की कशी, ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा.

या सगळ्यांत एक धागा आहे आणि माझं सगळं उत्तर त्यालाच धरून आहे: रोल-प्लेइंग गेममधलं चित्र हा खेळाचाच भाग असतो. चित्रात जे दिसतं ते खेळाडू वापरायला बघतात. 'टूम ऑफ हॉरर्स' या १९७८ च्या साहसकथेबरोबर चित्रांची वेगळी पुस्तिकाच दिली होती. खेळाडू खोलीत शिरले की गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) ते चित्र त्यांच्यासमोर धरायचं. दार कुठंय, मूर्तीचं तोंड उघडं आहे की मिटलेलं, हे चित्रात बघूनच खेळाडू पुढची चाल ठरवत. फक्त लेखक असलेल्या डिझायनरला ही ताकद सहज हाताशी नसते. तुमच्याकडे ती आहे.

एक उदाहरण जवळून बघू. समजा ब्रीफ (हव्या असलेल्या चित्राचं प्रकाशकाने दिलेलं वर्णन) असं आलं: 'दलदलीवरचा लाकडी पूल, त्यावर जकात मागणारा बेडूक-मानव, समोर तीन साहसी, संध्याकाळ, अर्धं पान, आडवं.' नवखा चित्रकार पहिलं थंबनेल (रचना ठरवायचं छोटं चित्र) काढतो ते बेडूक-मानव मधोमध, छाती पुढे काढून. चित्र देखणं होतं, पण खेळाच्या टेबलावर त्याचा काही उपयोग नाही. मी अशा वेळी आधी लेखकाकडून त्या प्राण्याचे आकडे, म्हणजे नियमांतली त्याची ताकद आणि हल्ले, मागवते. त्यात लिहिलेलं असतं की त्याच्याकडे टोकाला हूक लावलेली लांब काठी आहे आणि ती दहा फुटांवरून वार करते. झालं, रचना ठरली: काठी आडवी, पुलाची रुंदी अडवणारी, आणि पहिला साहसी तिच्या टप्प्याच्या जेमतेम बाहेर थबकलेला. प्राणी केवढा आहे हे माणसाच्या शेजारी उभा केल्याशिवाय कळत नाही, म्हणून कठड्याची उंची दोघांच्या कमरेशी मोजून घ्यायची. आता पुलाखाली लोंबणारी दोरी काढावीशी वाटते, कारण तिथली जागा रिकामी दिसते. ही दोरी काढली की कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी विचारणार, 'मी त्या दोरीला धरून खालून पलीकडे जातो, चालेल?' गेम मास्टर मजकूर चाळतो, त्यात दोरी नाही. तेव्हा एक तर लेखकाला कळवून एक ओळ वाढवून घ्या, नाहीतर दोरी काढू नका. मशाल कोणत्या हातात, तलवार एका हाताची की दोन्ही हातांची, ढाल पाठीवर आहे का, हेही याच हिशेबात येतं. नियमांत दोन हातांची तलवार असलेल्या पात्राच्या डाव्या हातात कंदील दिला की प्रकाशकाच्या टपालात पहिली तक्रार त्याचीच येते.

थंबनेल तीन द्या, पाच-सात नको. जास्त दिली की समोरचा एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड मागतो. मग कच्चं रेखाटन, त्यात छायाप्रकाशाच्या तीनच पायऱ्या. रंग त्यानंतर. कच्च्या टप्प्यावर बदल स्वस्त असतात, म्हणून तिथे दोन फेऱ्या द्यायच्या, आणि पूर्ण झालेल्या चित्रावर एकच फेरी, तीही किरकोळ बदलांची. हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे.

पोर्टफोलिओत बारा चित्रं पुरतात. मी अशी वाटणी सुचवेन: दोन पात्रं, दोन प्राणी (शेजारी माणूस किंवा दार, म्हणजे आकार कळतो), दोन स्थळदृश्यं, तीन-चार माणसं एकमेकांशी काहीतरी करताहेत अशी दोन दृश्यं, वस्तूंचं एक पान, कृष्णधवल छोटी रेखाचित्रं दोन, आणि एक नकाशा. एकटं पात्र, तीन चतुर्थांश कोनात, मागे धुकं, हे सगळ्यांकडे असतं. आर्ट डायरेक्टर शोधतो ते वेगळं: पाय जमिनीला टेकलेत का, हातात धरलेली वस्तू खरोखर धरलेली आहे का, आणि तेच पात्र दुसऱ्या कोनातून तसंच ओळखू येतं का. या शेवटच्याचं कारण व्यावहारिक आहे. 'पाथफाइंडर' या रोल-प्लेइंग गेमची नमुना-पात्रं वेन रेनॉल्ड्स यांनी घडवली, पण नंतर ती पुस्तकापुस्तकात अनेक चित्रकारांनी काढली. दुसऱ्याने ठरवलेलं पात्र चेहरा, पट्टे, बकला यांसकट बरोबर उतरवणं हे या धंद्यातलं रोजचं काम आहे. म्हणून बारातल्या दोन चित्रांत एकच पात्र असू द्या. आणि कृष्णधवल चित्रं वगळू नका. छोट्या प्रकाशकांची पहिली कामं बहुतेक पाव पानाच्या रेखाचित्रांचीच असतात.

आता हक्क. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चित्रकार-डिझायनरचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं आणि ते वर्षांनंतर कळतं.

'सर्व हक्क' या दोन शब्दांखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक, परवाना: चित्र तुमचं, प्रकाशकाला अमुक पुस्तकात, अमुक वर्षं छापायची मुभा. दोन, हस्तांतरण: कॉपीराइट तुमचा होता, तो तुम्ही लिहून दिला. तीन, 'वर्क मेड फॉर हायर': अमेरिकी कायद्याच्या नजरेत चित्राचा कर्ता तुम्ही नसताच, पहिल्या क्षणापासून प्रकाशकच असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक वरवर नगण्य वाटतो, पण तिथल्या कायद्यात हस्तांतरित केलेले हक्क साधारण ३५ वर्षांनी, ठरलेल्या मुदतीत नोटीस देऊन परत मागता येतात. 'वर्क मेड फॉर हायर'चे येत नाहीत. मोठी प्रकाशनं बहुधा तिसराच प्रकार मागतात आणि त्यात बेकायदा काही नाही. त्या मानधनात ते परवडतं का, एवढंच बघायचं. मुखपृष्ठाला मी स्वतः तो भाव वेगळा लावते: परवान्याचा दर आणि सर्व हक्कांचा दर अशा दोन ओळी कोटेशनमध्ये असतात. दोन ओळी शेजारी दिसल्या की बरेच छोटे प्रकाशक आपणहून परवान्यावर येतात.

विचारायचे ते दोन प्रश्न असे. पहिला: हक्क या चित्रापुरते आहेत की चित्रातल्या पात्राचे, प्राण्याचे, जागेचेही? दुसरा: पोर्टफोलिओत दाखवणं, प्रिंट विकणं आणि मूळ कागद किंवा कॅनव्हास विकणं, यांतलं मला काय करता येईल? मूळ कागदाची मालकी आणि कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट दिला म्हणजे कागदही गेला असं होत नाही, पण करारात तसं लिहिलं असेल तर जातो. दोन्ही उत्तरं लेखी घ्या.

आणि तुमच्यासाठी एक नियम मी ठाम सांगेन: तुमच्या तीनशे पानांतलं एकही पात्र, शस्त्राची घडण, देवाचं चिन्ह हक्क देऊन टाकायच्या कामात वापरू नका. घाईच्या वेळी हाताशी असलेलं डिझाइन घालायचा मोह होतो. ते तिकडे एकदा छापून आलं की पुढे तुमच्याच गेममध्ये तुम्हाला ते टाळावं लागेल.

मसुद्यात आणखी चार जागा बघा. मानधन 'प्रकाशनानंतर ३० दिवसांत' असेल तर 'चित्र स्वीकारल्यानंतर ३० दिवसांत' करून मागा, कारण पुस्तकं वर्ष-वर्ष लांबतात आणि कधी निघतच नाहीत. काम मध्येच रद्द झालं तर काय, ते हवं. मी कच्च्या रेखाटनानंतर ५० टक्के आणि पूर्ण चित्रानंतर १०० टक्के असं लिहिते, आणि अनोळखी गिऱ्हाइकाकडून निम्मे आधी घेते. 'कुणी दावा केला तर खर्च चित्रकाराचा' असं कलम असेल तर संदर्भासाठी इंटरनेटवरचे फोटो जसेच्या तसे वापरणं बंद करा, स्वतः फोटो काढा. शेवटचं म्हणजे स्पर्धेवरची बंदी. 'या काळात दुसऱ्या गेमवर काम करणार नाही' असं कुठे असेल तर तुमचा स्वतःचा गेम त्यात अडकतो. तो नावानिशी वगळून घ्या.

एआयबद्दल एक-दोन ओळी. आता बऱ्याच करारांत चित्र हाताने केल्याची हमी मागतात. थंबनेल, लेअर असलेली फाइल, कच्च्या टप्प्यांच्या प्रती जपून ठेवा. स्वतःच्या गेममध्येही जनरेट केलेली चित्रं घालायचा विचार असेल तर हे लक्षात घ्या: २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने एका कॉमिकच्या बाबतीत मजकूर आणि मांडणीला संरक्षण दिलं, एआयने तयार केलेल्या चित्रांना दिलं नाही. मालकीसाठी गेम काढायचा आणि निम्मी पानं मालकीविना ठेवायची, याला अर्थ नाही.

आता डिझाइनकडे. चित्रकाराने लिहिलेल्या नियमांत मला वारंवार दिसणारी चूक म्हणजे वस्तूंचे बोनस. प्रत्येक तलवार, कवच, ताईत काढताना मजा येते, म्हणून प्रत्येकाला +१ (फाशांच्या बेरजेत एकाची भर) मिळतो. तो किती महाग आहे ते आकड्यांत बघा. तुमच्या वर्णनावरून तुम्ही दोन सहा-बाजूंच्या फाशांची बेरीज वापरताय: १० किंवा जास्त आलं तर पूर्ण यश, ७ ते ९ आलं तर काहीतरी किंमत मोजून यश, ६ किंवा कमी आलं तर अपयश. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने २०१० पासून रूढ केलेली ही पद्धत. एकूण शक्यता ३६. बोनस नसताना पूर्ण यश ६ वेळा, मधला निकाल १५ वेळा, अपयश १५ वेळा. +१ मिळाला की हेच १०, १६, १० होतं. +२ ला १५, १५, ६. +३ ला २१, १२ आणि ३. म्हणजे तलवार, कवच आणि आशीर्वाद असे तीन +१ जमले की अपयश बारातून एकदाच येतं, आणि खेळातली सगळी रंगत ज्या मधल्या निकालात असते तोही घटतो. वीस बाजूंच्या एका फाशावर +१ म्हणजे दर वेळी सरळ पाच टक्के, तिथे हा घसारा इतका जाणवत नाही. त्यामुळे एका गेममधली वस्तूंची यादी दुसऱ्यात उचलून टाकता येत नाही.

उपाय तुमच्याच हातात आहे. वस्तूला आकडा देऊ नका, कृती द्या. बेडूक-मानवाची हूकवाली काठी +१ देत नाही. ती दहा फुटांवरच्या माणसाला ओढून आणते. ती चित्रात दिसते, खेळाडूच्या लक्षात राहते, आणि फाशांचं गणित जागच्या जागी राहतं.

चाचणी-खेळ तीन प्रकारचे करा आणि याच क्रमाने. आधी स्वतः गेम मास्टर होऊन चार लोकांबरोबर. यात नियम तुटतात का ते कळतं. मग दुसऱ्या कुणाला गेम मास्टर करून तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन गप्प बसायचं. गप्प म्हणजे खरोखर गप्प, चुकीचा नियम लावला तरी. शेवटी अशा गटाला नुसती पीडीएफ पाठवायची ज्यांनी तुमच्याशी या गेमबद्दल कधी बोललेलं नाही. वहीत मत लिहू नका, घटना लिहा: कोणतं पान किती वेळा उघडलं, कुठे खेळ थांबला, चकमकीला किती मिनिटं लागली. एकाच सत्रात तेच पान तीनदा उघडलं गेलं तर ते पात्राच्या कागदावर आणा किंवा त्याचं चित्र करा. दुसऱ्याच्या चाचणीत 'छान आहे' एवढंच ऐकू आलं तर काहीच कळलेलं नसतं. 'काय आवडलं' यापेक्षा 'पुढच्या आठवड्यात परत खेळणार का, आणि कोणतं पात्र घेणार' हे विचारा.

नियमांच्या मालकीबद्दल: खेळायच्या पद्धतीला कॉपीराइट लागत नाही, ती ज्या शब्दांत आणि चित्रांत मांडली त्यांना लागतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियम-मजकूर, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'बाय ४.०' परवान्याखाली आहे. श्रेय देऊन तो वापरता येतो आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. पण बिहोल्डर, माइंड फ्लेअर या त्यांच्या खास राक्षसांचे आकडे त्या मजकुरात नाहीत. सरावासाठी ते काढा, स्वतःच्या गेममध्ये घेऊ नका.

आता पहिला गेम केवढा असावा. तीनशे पानं लगेच छापू नका. ए-५ आकाराची, मधोमध पिन मारलेली, आत २८ पानं आणि वर ४ पानांचं मुखपृष्ठ, अशी पुस्तिका करा. पिनेच्या पुस्तकात पानं चारच्या पटीत असावी लागतात आणि फार जाड झालं की आतली पानं बाहेर सरकून त्यांचा समास जास्त कापला जातो, म्हणून हा आकार सुरक्षित. हिशेब असा: श्रेयनामावली आणि अनुक्रम २ पानं, जोडपानावरचा नकाशा २, पूर्ण पानाची चित्रं ४, पात्राचा कागद १. उरली १९. त्यात अर्ध्या पानाची चार चित्रं म्हणजे दोन पानं वजा. १७ पानं मजकुराला. वाचता येईल अशा अक्षरात ए-५ पानावर २८० शब्द धरा, म्हणजे जेमतेम ४,८०० शब्द. तुमची तीनशे पानं, पानाला ४०० शब्द धरले तर एक लाख वीस हजार होतात. त्यातला पंचविसावा भाग छापायचा आहे.

चित्रांचा वेळ, कृष्णधवल धरून: पूर्ण पानाला १० तास म्हणजे ४०, नकाशाला १४, अर्ध्या पानाच्या चारांना २०, छोट्या दहा रेखाचित्रांना १५, रंगीत मुखपृष्ठाला ३०. एकूण ११९ तास, आठवड्याला दहा तासांनी बारा आठवडे. लिखाण आणि चाचण्यांना तेवढाच वेळ आणखी. मजकूर पक्का होण्याआधी मोठी चित्रं पूर्ण करू नका. दुसऱ्या चाचणीनंतर एखादी खोली नाहीशी होते आणि तिच्यावरचे दहा तास वाया जातात. आधी सगळीकडे थंबनेल चिकटवून चाचण्या घ्या.

मांडणीत एक गोष्ट पाळा: एका जागेची सगळी माहिती एका जोडपानावर. डावीकडे नकाशाचा तुकडा आणि वर्णन, उजवीकडे प्राणी, आकडे आणि तिथे काय सापडतं ते. खेळ चालू असताना पान उलटावं लागलं की गेम मास्टरचा धागा तुटतो.

छपाईत फँटसी चित्रकार दोन ठिकाणी हमखास फसतात. पडद्यावर झळाळणारी जादू, म्हणजे तो निळा-जांभळा किंवा पोपटी उजेड, सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) उतरतच नाही, मळकट होतो. नंतर संपृक्तता वाढवून काही होत नाही. सुरुवातीपासून छपाईचा प्रोफाइल लावून बघा आणि उजेडाच्या भोवतालचा भाग करडा, किंचित उबदार, गडद ठेवा. झळाळी शेजारच्या रंगामुळे वाटते. दुसरं, अंधार. मागणीनुसार छापणाऱ्या बऱ्याच छापखान्यांची एकूण शाईची (चारही रंगांच्या टक्क्यांच्या बेरजेची) मर्यादा २४० टक्के असते. चारही रंग भरून केलेलं काळं त्यापुढे जातं. एक तर फाइल परत येते किंवा भुयाराचं चित्र डांबर होतं. रेखाचित्रं आणि अक्षरं फक्त काळ्या शाईत, १०० टक्के के ठेवा, नाहीतर चार रंगांच्या पाट्या केसभर सरकल्या तरी रेघेला सावली येते.

आकार: ए-५ म्हणजे १४८ × २१० मिमी, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) धरून १५४ × २१६. रंगीत चित्र ३०० डीपीआयला १८१९ × २५५१ पिक्सेल, रेखाचित्र ६०० डीपीआयला ३६३८ × ५१०२. मुखपृष्ठाचा वरचा तिसरा भाग शीर्षकासाठी शांत ठेवा आणि चित्र पूर्ण करण्याआधी ते १२० पिक्सेल रुंद करून बघा, कारण ऑनलाइन दुकानात ते त्याच आकारात दिसणार आहे.

विक्रीला आधी पीडीएफ. पहिल्या महिन्यात वाचक चुका शोधून देतात, त्या दुरुस्त करून मग छापा. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर 'झीन क्वेस्ट' नावाने २०१९ पासून छोट्या पुस्तिकांसाठी उपक्रम होतो, तिथे असा आकार खपतो. पण मजकूर पूर्ण आणि निदान निम्मी चित्रं तयार असल्याशिवाय मोहीम उघडू नका. व्यासपीठाचे ५ टक्के, पैसे वळते करण्याचा खर्च आणि टपाल हे छपाईखर्चाइतकंच काळजीपूर्वक मोजा. पाकिटात घातलेल्या नमुना प्रतीचं प्रत्यक्ष वजन करून टपालाचा दर काढा.

क्रम म्हणाल तर: पहिले चार महिने पोर्टफोलिओची बारा चित्रं आणि पाव-अर्ध्या पानाची दोन-तीन बाहेरची कामं. त्यातून तारखा, ब्रीफ, बिलं यांची सवय होते आणि तीच शिस्त पुढे स्वतःच्या गेमला लागते. पाचव्या महिन्यापासून आठवड्याचे ठरलेले दहा तास पुस्तिकेला, बाहेरची कामं त्याच्याभोवती. मुखपृष्ठाचं मोठं काम आलं तर तेवढा महिना पुस्तिका थांबली तरी चालेल, चाचणी-खेळ मात्र थांबवू नका. लोक एकदा पांगले की परत जमत नाहीत.

राहिली ती तीनशे पानं. त्यांची स्वतःपुरती एक प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. ज्या परिच्छेदातून टेबलावरच्या खेळाडूला काही करता येतं त्याच्या समासात खूण करा. राजघराण्यांचा इतिहास, चंद्राच्या कला, युगांची नावं, यांना बहुधा खूण होणार नाही. ती फाइल वेगळी ठेवा, पुढच्या पुस्तिकांना उपयोगी पडेल. मग खुणा जिथे दाट आहेत अशा जागा निवडा, आणि त्यातली जिची सर्वात जास्त रेखाटनं तुमच्या वहीत आधीच आहेत ती घ्या. एक जागा, पाच-सहा खोल्या किंवा वळणं, तीन प्राणी, आठ वस्तू. ४,८०० शब्दांत एवढंच बसतं.